होणाऱ्या गैरसोयीबद्दल

बसस्थानकावर त्याला सगळे भोंगा म्हणत. तोंडावर भोंगेसाहेब, पाठ फिरली की नुसता भोंगा. चौकशीच्या खिडकीमागे, एका डगमगत्या स्टुलावर, एका माइकसमोर त्याने एकतीस वर्षं काढली. तेवढ्या काळात 'होणाऱ्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत' हे वाक्य त्याने दोन लाख वेळा तरी उच्चारलं असेल. इतकी दिलगिरी व्यक्त केलेला माणूस गावात दुसरा नव्हता. त्यातल्या पहिल्या शंभर-दीडशे वेळा तो खरोखरच दिलगीर होता, हेही सांगायला हवं. नाहीतर त्याच्यावर अन्याय होईल.

नोकरीच्या पहिल्या आठवड्यात एक बस दोन तास उशिरा येणार होती. भोंग्याने घोषणा केली, माइक बंद केला आणि बाहेर येऊन बाकावरच्या एका म्हाताऱ्याजवळ बसला. म्हाताऱ्याची मुलगी बाळंतपणाला अडली होती. दोघं मिळून बसची वाट बघत राहिले. आगारप्रमुखांनी त्याला आत बोलावलं.

"तुझं काम काय रे?"

"घोषणा करणं, साहेब."

"मग घोषणा कर. सांत्वनाची जागा आपल्याकडे मंजूर नाही."

आवाज मात्र देवाने हात सैल सोडून दिलेला. भरदार, गरम, तळाशी किंचित खरखर. 'फलाट क्रमांक तीन' असं म्हटलं तरी ऐकणाऱ्याला वाटावं, हा माणूस आपल्या घरचा आहे. तेव्हा चर्चमध्ये आजाऱ्यांची यादी वाचायचं काम त्याच्याकडे आलं यात नवल नव्हतं. दर रविवारी उपासनेत मंडळी उभी राहायची, आजारी आणि अडचणीतल्या माणसांची नावं एकेक करून वाचली जायची, प्रत्येक नावानंतर थोडी शांतता आणि शेवटी पाळकांची प्रार्थना. आधी हे काम एक वृद्ध मास्तर करायचे. त्यांना सर्दी असायची, त्यामुळे कोणत्या नावानंतरची शांतता भक्तीची आणि कोणती शिंकेची, हे मंडळीला कळत नसे.

त्या वेळी यादी हाताने लिहिलेली असायची, जुन्या कॅलेंडरच्या पानामागे. शनिवारी दुपारी तो ती घरी आणायचा आणि आई चष्मा लावून, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी, त्याच्याआधी वाचायला बसायची.

"हा कोण? पायाला काय झालंय? कुठल्या पायाला?"

"आई, देवाला माहीत आहे कुठला पाय ते."

"देवाला माहीत असेल रे, मला कुठे माहीत आहे? मी मागायचं तरी काय, एक पाय?"

मग ती सूप करायची. डब्याचं झाकण दोरीने बांधायची आणि दोन्ही मुलांना सायकलवर घालून यादीच्या पत्त्यांवर पाठवायची. भोंगा पुढे, मागे कॅरियरवर धाकटी बहीण, चिमी, मांडीवर डबा घेऊन. ही चिमी म्हणजे एक प्रकरणच होतं. रस्त्यात खड्डा आला की ती नाक दाबून थेट त्याच्या आवाजात घोषणा करायची, "सूचना! दादाची सायकल डोक्यात वारं शिरल्यामुळे वीस मिनिटं उशिरा धावत आहे!" तो हसायचा, सायकल हलायची आणि सूप तिच्या फ्रॉकवर सांडायचं.

त्या शनिवारांचा वास त्याला पुढे कितीतरी वर्षं आठवायचा. मिरी, ओली दोरी, आजाऱ्याच्या खोलीतलं औषध. एका शिंप्याचा उजवा हात गेला होता. माणूस डाव्या हाताने शिवायला शिकत होता, पण सुईत दोरा ओवणं काही जमेना. चिमीने त्या दुपारी चाळीस सुया ओवून दिल्या आणि पडद्यात ओळीने टोचून ठेवल्या. आठवडाभराची बेगमी. दुसऱ्या दिवशी यादीत शिंप्याचं नाव आलं तेव्हा भोंग्याला कागदावर अक्षरं दिसेनात, पडदाच दिसायला लागला. आवाज फाटला. मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणालं, "मास्तर बरे होते."

तर असा तो होता.

पुढे विशेष काही घडलं नाही, आणि घोळ नेमका तिथेच झाला. चिमीचं लग्न झालं आणि ती बसने चार तासांवरच्या शहरात गेली. सायकल पंक्चर झाली, मग गंजली, मग कोणाला तरी दिली गेली. भेटींच्या जागी फोन आले, फोनच्या जागी 'माझा निरोप सांगा' आलं. यादी चिटणीस टाइप करून आणायला लागले आणि उपासनेच्या आधी पाच मिनिटं हातात ठेवायला लागले. काळीज काही एका दिवसात दगड होत नाही. त्यात पाप म्हणावं असं कधी काही सापडतही नाही. दर शनिवारी थोडं काम कमी होतं, आणि माणसाला वाटतं आपण अनुभवी झालो.

वाचनात मात्र तो तयार होत गेला. साध्या तापाला दोन सेकंद शांतता, हॉस्पिटलला तीन, कॅन्सरला चार. लहान मूल असेल तर चष्मा काढायचा. बायका पदराने डोळे टिपायच्या. 'यादीत नाव यावं तर भोंग्याच्या तोंडून यावं,' असं मंडळीत बोललं जायचं. पुढे त्याला चर्चच्या वडिलांमध्ये, म्हणजे कारभार बघणाऱ्या ज्येष्ठांमध्ये, घेतलं गेलं.

मग आई गेली.

दफन चार वाजता ठरलं होतं. चिमीची बस वाटेत बंद पडली. तसा निरोप आला होता. पाळकसाहेब त्याच्या कानाशी येऊन म्हणाले, "तास-दीड तास थांबू या का? मला काही घाई नाही."

आयुष्यभर दुसऱ्यांना थांबायला सांगणारा माणूस म्हणाला, "वेळ जाहीर झालीय, पाळकसाहेब."

चिमी साडेसहाला पोचली तेव्हा माती सारखी करून झाली होती. खणणारी माणसं फावडी धुवत होती. ती बराच वेळ उभी राहिली. मग वळून म्हणाली, "दादा, तू थांबला नाहीस?"

तो दमला होता. तीन रात्रींचं जागरण होतं. तो तिच्याकडे वळला आणि त्याच्या तोंडून त्या सुंदर, भरदार, गरम आवाजात वाक्य बाहेर पडलं, "होणाऱ्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत."

शिंक यावी तसं ते आलं. 'आम्ही'सुद्धा सुटलं नाही. चिमीने त्याच्याकडे एकदा पाहिलं, पिशवी उचलली आणि ज्या बसने आली होती त्याच बसने परत गेली.

त्याला नऊ वर्षं झाली. पहिल्या वर्षी तिची दोन पत्रं आली, त्याने उत्तर दिलं नाही. त्याचं म्हणणं सरळ होतं. "मी दिलगिरी व्यक्त केली होती."

"अहो, ती दिलगिरी होती की घोषणा?" बायकोने विचारलं होतं.

हे वाक्य त्याला दोन दिवस टोचलं. तिसऱ्या दिवशी टोचायचं थांबलं, आणि टोचायचं थांबलं म्हणजे जखम भरली, असा त्याने अर्थ काढला. बाकी देवाशी त्याचे संबंध उत्तम होते. निदान त्याच्या बाजूने तक्रार नव्हती.

निवृत्तीच्या वेळी बसस्थानकाने त्याचा आवाज ध्वनिमुद्रित करून घेतला. गावांची नावं, आकडे, दिलगिरी, सगळं सुटं सुटं. त्याचे तुकडे जोडून आता यंत्र घोषणा करत होतं. आपण गेल्यावर काही फरक पडला का, असं त्याने एका कंडक्टरला विचारलं.

"छे! कळतसुद्धा नाही, साहेब."

ही त्याने स्तुती समजून घरी सांगितली.

त्या रविवारी पाळकसाहेबांचा उपदेश अंतःकरण कठीण होण्यावर होता. माणसाचं मन कसं नकळत घट्ट होतं, सवयीच्या भक्तीचा थर कसा चढतो, म्हणून रोज स्वतःला तपासावं वगैरे. भोंग्याला उपदेश मनापासून पटला. तो कोणाकोणाला लागू पडतो हेही त्याच्या लगेच ध्यानात आलं. एक तर चिटणीस. दुसरा त्याचा साडू. आणि मुख्य म्हणजे चिमी. चिमीने हे ऐकायला हवं होतं, असं वाटून त्याने हळहळून मान हलवली.

मग तो उठला आणि त्याने यादी वाचली. सात नावं होती. सगळं नेहमीसारखं झालं. शेवटचं नाव घशाच्या शस्त्रक्रियेचं होतं, मंगळवारी सकाळी. त्याला त्याने तीन सेकंद दिले. बाहेर पडताना एका आजीबाईंनी त्याचा हात धरला. "काय वाचता हो! काटा येतो अंगावर."

घरी आल्यावर बायकोने जेवण वाढलं नाही. ती टेबलाशी नुसतीच बसली.

"आज किती नावं होती?" तिने विचारलं.

"सात. का गं?"

"शेवटचं कोणाचं होतं?"

"ते घशाचं. कोणीतरी बाई आहे, बाहेरगावची." तो पाण्याचा पेला शोधायला लागला. "आडनाव आपल्याकडचं नाही."

"लग्नानंतरचं आहे," बायको म्हणाली. "त्याच्या आधीचं तुमचंच होतं."

भोंग्याने खिशातली यादी काढली. चष्मा लावला. नाव होतं. पूर्ण, स्वच्छ टाइप केलेलं, नवऱ्याच्या नावासकट. तासाभरापूर्वी ते त्याने दोनशे माणसांसमोर उच्चारलं होतं आणि एकही अक्षर चुकलं नव्हतं.

"मीच दिलं चिटणिसांकडे," बायको म्हणाली. "आमचं बोलणं असतं अधूनमधून. तुम्हाला सांगून काय उपयोग होता? गाठ आहे म्हणतात. ती काढताना आवाज राहील की नाही, डॉक्टर सांगत नाहीत. म्हटलं, माझ्याकडून ऐकणार नाहीत, निदान स्वतःच्या तोंडून तरी ऐकतील."

"मी ऐकलं नाही," भोंगा म्हणाला.

"नाही ना. तुम्ही वाचलंत."

त्याला वाटलं आता काहीतरी वाटेल. तो वाट बघत बसला. भीती, लाज, गेला बाजार राग. काहीच आलं नाही. दाताला सुई दिल्यावर गाल आपला असूनही आपला नसतो, तसं आत होतं. बायकोने शेवटी जेवण वाढलं, आणि त्याला भूक लागली होती, पोटभर जेवलाही. या गोष्टीची मात्र त्याला भीती वाटली.

सोमवारी सकाळी तो बसस्थानकावर गेला. अकराची बस धरली तर तीनपर्यंत हॉस्पिटल, भेटायची वेळ चार ते सहा. साडेअकरा झाले. मग वर टांगलेल्या पेटीतून आवाज आला. अकरा वाजता सुटणारी बस दोन तास उशिरा सुटेल. होणाऱ्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत.

बाकावर बसून, हातात तिकीट धरून, हे वाक्य त्याने आयुष्यात पहिल्यांदाच ऐकलं. उच्चार उत्कृष्ट होते. 'दिलगीर'वर आवाज किंचित खाली जायचा, तो त्याचा स्वतःचा शोध होता. आणि त्या आवाजामागे कोणीही नव्हतं. म्हणजे आता यंत्र होतं हे तर खरंच, पण हा फरक कोणाला कळत नव्हता हेही खरं होतं.

शेजारची बाई पेटीकडे बघून म्हणाली, "मेल्याला काय जातंय बोलायला!"

भोंगा उठून चौकशीच्या खिडकीशी गेला. आत एक नवी मुलगी मोबाइलमध्ये बघत होती.

"बस नक्की दोन तासांनी येईल ना? माझी बहीण हॉस्पिटलमध्ये आहे."

"काका, आत्ताच सांगितलं ना स्पीकरवर?"

"ते मीच सांगितलंय."

मुलीने वर पाहिलं. "मग तुम्हाला माहीतच असेल."

तो परत बाकावर येऊन बसला. चारचौघांत त्याने हजारो प्रार्थना केल्या होत्या, सुरुवात-मध्य-शेवट असलेल्या. एकट्याने करायची वेळ आली तर त्याच्याकडे एकही शिल्लक नव्हती. अखेर तो पुटपुटला, "प्रभू, मला काही वाटत नाहीये. आणि काही वाटत नाहीये याचंसुद्धा फारसं वाटत नाहीये. एवढं तरी वाटू दे." 'आमेन' म्हणायचं राहून गेलं. शेजारच्या बाईला वाटलं तो तिच्याशी बोलतोय. ती म्हणाली, "होतं असं कधी कधी," आणि थोडी सरकून बसली.

वाटेत चार तास त्याने माफीची तयारी केली. 'चिमे, माझं चुकलं.' 'चिमे, मला क्षमा कर.' कसंही म्हटलं तरी खिडकीच्या काचेवर तोच आवाज आपटायचा, भरदार आणि गरम. पाचवं वाक्य त्याने अर्ध्यावर सोडलं. मग गप्प बसून राहिला. गप्प बसल्यावर चिमीचा चेहरा आठवायला लागला. तो नऊ वर्षांपूर्वीचा होता, आताचा कसा असेल हे त्याला माहीत नव्हतं. काहीतरी वाटायला लागलं ते तिथे. फार नाही. पण दुखलं.

हॉस्पिटलमध्ये पोचायला पावणेसहा झाले. सहा खाटांची खोली होती. खिडकीजवळच्या खाटेवर केस पिकलेली एक बाई पाय हलवत बसली होती. तिच्या बसण्यावरून त्याने ओळखलं.

"उशीर केलास," चिमी म्हणाली. आवाज घोगरा झाला होता, पण तिचाच होता.

"बस..." तो म्हणाला आणि थांबला.

"बोल की. बस लेट होती. माझीही होती, आठवतंय?" तिने पायाने स्टूल पुढे ढकललं. "बस. आणि तू काही बोलू नकोस, मी बोलणार. तुझा आवाज कुठे जात नाही. माझ्याकडे उद्या सकाळपर्यंतच आहे, कदाचित."

तो बसला.

"गेल्या नऊ वर्षांत तू मला एकदाही विचारलं नाहीस, त्या बसमध्ये मी काय केलं ते. तू बरोब्बर चारला सुरू करणार हे मला माहीत होतं. तुझं घड्याळ मला माहीत आहे. पावणेचारला मी कंडक्टरला सांगितलं, माझ्या आईला चारला पुरताहेत. तो बिचारा घाबरला. त्याने सगळ्यांना खाली उतरवलं. रस्त्याच्या कडेला, उन्हात, तीस-पस्तीस माणसं. कोण कुठली! चार वाजले आणि मी मोठ्याने प्रार्थना केली. जमेल तशी. ड्रायव्हर इंजिनाखाली होता, तोही बाहेर येऊन उभा राहिला, काळ्या हातांनी. एकाने विचारलं, आईचं नाव काय? मग सगळ्यांनी एकदा नाव घेतलं. तर आईची दोन दफनं झाली, दादा. आणि तुला एकच माहीत आहे."

शेजारच्या खाटेवरच्या म्हातारीने ऐकू यावं म्हणून कूस बदलली होती.

"आता तू सांग," चिमी म्हणाली. "तिकडचं सांग. मला तेच हवंय. मघापासून भीती वाटतेय ना, तर मला आई हवीय. कशी दिसत होती? अंगावर काय होतं? हात कसे ठेवले होते?"

भोंग्याने तोंड उघडलं. त्याने त्या दिवसाकडे मागे वळून पाहिलं आणि तिथे काहीच नव्हतं. पाळकसाहेबांचे बूट दिसले. मनगटावरचं घड्याळ दिसलं. चार वाजून दोन मिनिटं. चार दहा. साडेपाचला चर्चमध्ये दुसरी सभा होती.

"मला आठवत नाही, चिमे."

"म्हणजे?"

"मी घड्याळ बघत होतो." आवाज त्याच्या घशातून नीट येतच नव्हता. कुठल्याही माइकने तो उचलला नसता. "आईकडे बघितलंच नाही मी. तुझ्यासाठी थांबलो नाही ते नाहीच, मीसुद्धा..." पुढचे शब्द इतके बारीक आले की शेजारच्या म्हातारीने वैतागून मान उशीवर टाकली. चिमीला ते ऐकू गेले.

तिच्याजवळ मोजका आवाज होता, त्यातला तिने थोडा राखून ठेवला.

"म्हणजे तूही तिथे नव्हतास," शेवटी ती म्हणाली. रागाने नाही. एकाच बसला मुकलेली दोन माणसं एकमेकांकडे बघतात, तशी ती बघत होती. "मूर्ख माणसा. मग होतं कोण तिथे?"

"तुझी वहिनी होती."

"मग तिला फोन लाव ना! की तेही मीच सांगायचं?"

त्याने फोन लावला. सहाला पाच कमी होते. नर्स दारात येऊन घड्याळाकडे बोट दाखवून गेली. पलीकडून बायको म्हणाली, "पोचलात? भेटली?"

"आईच्या अंगावर काय होतं गं?" त्याने विचारलं.

मग बायको सांगायला लागली आणि तो तिचं एकेक वाक्य चिमीला सांगायला लागला. "निळं होतं म्हणते. फिकं निळं, तू पाठवलेलं. केस हिनेच विंचरले. मधे भांग नाही, आईला आवडायचा तसा डावीकडे. हात एकावर एक. उजव्या हाताच्या बोटाला..."

"काय बोटाला?" चिमी पुढे वाकली.

"बोटाला चिंधी बांधलेली होती. आदल्या आठवड्यात गाजर चिरताना कापलं होतं. सूप करत होती, कोणासाठी तरी. ती सोडावी की राहू द्यावी, हिला कळेना. मग..."

तो थांबला. चिमी वाट बघत होती. फोनमध्ये बायकोचा आवाज आला, "अहो? ऐकताय ना?"

"ऐकतोय," तो म्हणाला. "जरा सावकाश सांग."